आठाने भागा

दर रविवारी मुलगी नातीचा व्हिडिओ पाठवायची आणि तो नीट उतरेपर्यंत फोनवर थांबायची.

"दहाचं कनेक्शन, नऊशेचा व्हिडिओ. दीड मिनिटात यायला हवा," बाबांचं दर वेळी तेच.

"अहो बाबा, कनेक्शन मेगाबिटमध्ये, व्हिडिओ मेगाबाइटमध्ये. आठाने भागा. बारा मिनिटं लागणारच."

तेवढ्या वेळात गुडघेदुखी, शेजारचं भांडण, कुंडीतली मिरची, सगळं बोलून व्हायचं.

शेवटी तिने न सांगता शंभरचं कनेक्शन बसवून दिलं. त्या रविवारी व्हिडिओ सव्वा मिनिटात उतरला.

"आला ना? चला, आता कटकट मिटली. ठेवते बाबा."

 

सोमवारी बाबांनी कंपनीला फोन लावला. "ते जुनं दहाचंच परत जोडून मिळेल का हो?"