टोपीखालचं ऊन

डोळे किलकिले करा. आणखी थोडे. आता कल्पना करा, की तुम्ही चारमजली इमारतीच्या गच्चीवर उभे आहात आणि जवळजवळ सगळी गच्ची दुधासारखी पांढरी आहे. खालची घरं थंड राहावीत म्हणून गच्चीला असा रंग देतात. तो ऊन आत येऊ देत नाही, परतवून लावतो. दुपारचे बारा वाजलेत. रंगारी लांब दांड्याचा रोलर ओढतोय. त्याची मुलगी पाण्याच्या टाकीच्या सावलीत डबा उघडून बसलीय. वय नऊ, पण तोंड असं चालतं, की बाप तिला आजीबाई म्हणतो.

“बाबा, जेवा ना. हात दुखत नाहीत का?”

“दुखायचे कधीच थांबले. आता नुसते असतात.”

तो येऊन बसला. पहिलाच घास घेतला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. खालच्या ओठावरची जखम पुन्हा उलली होती. दोन महिने हेच चाललं होतं. खपली धरायची, पडायची, परत रक्त. मलमाच्या दोन ट्यूब संपल्या. तिसरी मागायला गेला, तेव्हा औषधाच्या दुकानातल्या बाईंनी हात आखडता घेतला. “आता मलम नाही. तीन आठवड्यांत न भरणारी जखम डॉक्टरांना दाखवायची असते. उन्हानं त्वचेचा कॅन्सर होतो, तो ओठावरही होतो.”

मुलगी तेव्हा शेजारीच उभी होती. बाप हसला होता. “ऊन? अहो बाई, अख्ख्या धंद्यात टोपी घालणारा मी एकटा. मला टोपीवाला म्हणूनच ओळखतात.”

ते खरंही होतं. वीस वर्षांत तो एक दिवस बोडक्या डोक्यानं गच्चीवर चढला नव्हता. टोपीचा काठ चांगला वीतभर रुंद होता.

“आज जाऊ या ना दवाखान्यात,” मुलगी म्हणाली.

“रंगाचा दुसरा हात राहिलाय. खालच्या काकूंना आज संपवतो म्हणून शब्द दिलाय.”

“मग उद्या?”

“उद्या दुसरी गच्ची.” तो दोन्ही गुडघ्यांवर हात टेकून उठला. “डोकं खाऊ नकोस, आजीबाई. टोपी आहे ना.”

मुलगी बघत राहिली. टाकीजवळचा तुकडा अजून रंगवायचा होता. तिथून चालताना टोपीखाली बापाचा चेहरा काळोखात होता. तो पांढऱ्यावर गेला आणि चेहरा एकदम उजळला. हनुवटीखालचे दाढीचे खुंट इथून मोजता आले असते. टोपीच्या काठाची आतली बाजूसुद्धा लख्ख दिसत होती.

“बाबा, तळहात खाली करून धरा. हनुवटीजवळ.”

“आता हे काय नवीन?”

“धरा तर!”

त्यानं धरला. तळहात उजळला. थोड्या वेळानं तव्यावर धरल्यासारखा शेकू लागला.

“वरून टोपी आहे,” ती म्हणाली. “खालून काय आहे?”

त्यानं पायाखालच्या पांढऱ्या गच्चीकडे पाहिलं. वीस वर्षं तो ऊन परतवायचा रंग देत आला होता. परतलेलं ऊन जातं कुठं, हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

त्याचं बोट हळूच ओठाकडे गेलं. “दवाखाना एकला बंद होतो,” तो पुटपुटला. जिन्याकडे पाहिलं. उरलेल्या गच्चीकडे पाहिलं. “पण काकूंना कुठल्या तोंडानं सांगू?” आणि त्यानं रोलर पुन्हा रंगात बुडवला.

मुलगी उठली. जिना उतरून चौथ्या मजल्यावर गेली, बेल वाजवली, दार उघडेपर्यंत थांबली आणि म्हणाली, “काकू, बाबांना आत्ता डॉक्टरांकडे जायचंय. राहिलेली गच्ची ते उद्या सकाळी, ऊन चढायच्या आत करतील. तुम्ही वर येऊन त्यांना नुसतं ‘जा’ म्हणाल का? माझं ते ऐकत नाहीत.”