पोट सुटलेली भिंत

भाडेकरू ठेवायला घर घ्यायचं, म्हणून साहेब मिस्त्रीला दाखवायला घेऊन आला. घर झकास होतं, पण मागे टेकडीची माती थोपवून धरणाऱ्या भिंतीला पोट सुटलं होतं. मिस्त्रीने ओळंबा सोडला, तर भिंत चांगली चार बोटं पुढे! पाणी निघायची भोकं बघायला वाकला, तर सगळी सिमेंटने गच्च बुजवलेली. आत कोंडलेल्या पाण्यानेच भिंत ढकलली होती.

"ह्यांनी बुजवली," घरमालकीण म्हातारी कौतुकाने म्हणाली. "भिंत गळलेली ह्यांना खपायची नाही. जायच्या आदल्या महिन्यापर्यंत हातात थापी होती."

मिस्त्रीने ओळंबा गुंडाळून खिशात टाकला.

"कशाने बिघडली रे?" साहेबाने विचारलं.

"वय झालं, साहेब. तुमचं-आमचं होतं, तसं तिचंही झालं. घर खुशाल घ्या, पण ही पाडून नवी बांधायची आणि पाण्याला वाट ठेवायची, हे धरून चला."

साहेब पुढच्या खोल्या बघायला गेला, तशी म्हातारी मिस्त्रीजवळ सरकली.

"भला माणूस आहेस बाबा. पण मला ठाऊक होतं. बांधणाऱ्या गवंड्याने बजावलं होतं, भोकं बुजवू नका म्हणून."

"मग त्यांना अडवलं नाही?"

"अंथरूण धरलं होतं रे ह्यांनी. तेवढ्या एका कामासाठी उठायचे. सगळी बुजवून झाली, की दुपारी ह्यांचा डोळा लागल्यावर मीच दुसऱ्या दिवसासाठी दोन-चार परत उकरून ठेवायचे."