अख्खी टर्की

अटलांटाच्या घरामागील अंगणात, सिरॅमिकच्या ग्रिलमध्ये अख्खी टर्की काही केल्या बसेना. तंगड्या आडव्या येत आणि झाकण चार बोटे उघडेच राही.

"दोन तुकडे कर की," चारुलता नवऱ्याला म्हणाली.

"छे! धुरावर शिजवायची ती अख्खीच." श्रीरंग ऐकेना.

तोच मागे श्रीरंगची आई उभी दिसली. देवळातून लवकर परतली होती. कांदासुद्धा वर्ज्य मानणाऱ्या दिवंगत वडिलांच्या घरात वाढलेल्या श्रीरंगने आपला मांसाहार तिच्यापासून लपवला होता.

आईने पक्षी न्याहाळला. "तंगड्या दोऱ्याने आवळून बांध, पंख पाठीखाली मुडप. बसेल."

श्रीरंगच्या हातातला चिमटा गळून पडला. "तुला हे कसं ठाऊक?"

"तू आजोळी गेलास, की तुझे बाबा कोंबडी मागायचे. अख्खीच लागायची त्यांना."