मागची सीट

“चषकावर मागे बसणाऱ्याचंही नाव कोरता का हो?” मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून डेलियाने मोटरसायकल क्लबच्या अध्यक्षांना, मर्लकाकांना, सगळ्यांसमोर विचारलंच.

“नाव चालवणाऱ्याचं, पोरी. मागे काय, नुसतं तर बसायचं असतं,” ते म्हणाले आणि अख्खा क्लब खो खो हसला.

व्हरमाँटमधली ही पानगळीची फेरी म्हणजे शर्यत नव्हे. वाटेतल्या खुणा हेरून प्रश्नांची उत्तरं लिहून आणायची असतात. पण पुढे कुणाची गाडी दिसली, की ती मागे टाकल्याशिवाय डेलियाच्या बाबाला चैन कुठली? चर्चचं दार, कोठारावरचा पत्र्याचा कोंबडा, सगळं मागे बसलेल्या तिला नुसतं पळताना दिसलं. “अरे बाबा, हळू!” ओरडून ओरडून तिचा घसा बसला.

बाबा सगळ्यांच्या आधी पोचला आणि उत्तरांत शेवटून पहिला आला. त्या नंबराचं बक्षीस म्हणजे एक गंजका सायलेन्सर. मर्लकाकांनी त्यावर खडूने एकट्या डेलियाचं नाव लिहिलं.

“बघायचं काम मागच्याचंच ना, पोरी.”

टाळ्या वाजवण्यात बाबा सगळ्यांच्या पुढे.

 

“आई, बाबा,” घरी पोचताच सायलेन्सर काखेत मारून डेलिया म्हणाली, “मी लायसन्स काढतेय. पुढच्या वर्षी बाबा मागे बसेल.”