होडीतलं पाणी

"बाय, तुझी चाळण आज तरी तेल अडवेल का?" होडीच्या तळाशी साचलेल्या तेलकट पाण्याचा कॅन ठेवत बाबांनी विचारलं. त्यांच्या कपड्यांना मासळीचा वास होता.

"हे कोण?" प्रयोगशाळा पाहायला आलेल्या प्राध्यापकांनी विचारलं.

"नमुने आणून देतात," विशाखा म्हणाली.

"येतो, मॅडम," म्हणत बाबा निघाले. दुसऱ्या दिवशी होडीवरच त्यांचं हृदय बंद पडलं.

तेराव्यानंतर तिनं ते पाणी सच्छिद्र पॉलिमरच्या नव्या पडद्यावर ओतलं. स्वच्छ पाणी खाली ठिबकलं, तेल वरच राहिलं. वर्षभरात पहिल्यांदाच. सांगायला घरी कुणी उरलं नव्हतं. तिनं प्राध्यापकांना फोन केला.

"छान. नमुना कुठला?"

"माझ्या बाबांच्या होडीतला," ती म्हणाली. "तुम्ही त्या दिवशी विचारलंत ना, हे कोण? ते माझे बाबा होते."