सुटं इंजिन

बाबा गेल्यापासून त्यांची मोटरबोट परसात पडून होती. इंजिनाचं काम शिकायचं म्हणून यंदा मी ती दुरुस्तीला काढली. लहानपणी तिची फटफट वळणावर ऐकू आली, की आई लगबगीनं चहाचं आधण ठेवायची.

आज दुपारी अख्खं इंजिन खोलून मी स्वयंपाकघरात जमिनीवर मांडलं. पिस्टन पुसत होते, तोच नदीवरून तीच फटफट आली, मध्येच अडखळणारी.

"दुसऱ्या कुणाची असेल गं," मी म्हणाले.

"मला शिकवू नकोस," आई लाजून हसली.

आवाज आमच्या धक्क्याशी थांबला. मी धावत गेले. धक्का रिकामा होता, फक्त पाणी हिंदकळत होतं.

तेवढ्यात घरातून आई म्हणाली, "अहो, पाय जपून टाका. लेकीनं पसारा मांडलाय."