दक्षिणेचा ठसका

“सर, परत तेच?” रेकॉर्डिस्टनं हेडफोन काढून टेबलावर आपटला. त्याच्या डोक्याचा पार भुगा झाला होता.

काचेपलीकडे निवृत्त प्राध्यापक शांत बसले होते. अंधांसाठी जुन्या पाली सुत्तांचं, म्हणजे बुद्धाच्या उपदेशांचं, ध्वनिमुद्रण चाललं होतं. आजचं सुत्त मैत्रीचं. आधी पूर्वेकडच्या सगळ्यांचं भलं चिंतायचं, तेही लांबलचक. मग दक्षिणेकडच्यांचं, मग पश्चिमेकडच्यांचं. शब्द तेच, बदलायची ती फक्त दिशा. आणि सर प्रत्येक दिशा पहिल्यापासून सावकाश वाचणार!

सर पाणी प्यायला बाहेर गेले आणि फोन वाजला. आई. विसरण्याचा आजार जडल्यापासून दिवसभर तिचा हाच उद्योग, विचारलेलंच पुन्हा विचारायचं. त्यानं फोन स्पीकरजवळ धरून बटण दाबलं. “हो आई, जेवलो. तू गोळी घे. संध्याकाळी येतो.” आवाज त्याचाच, महिन्यापूर्वी भरून ठेवलेला. ही युक्ती सुचल्यापासून जिवाला जरा उसंत होती.

तीच युक्ती त्यानं आता सरांवर चालवली. पूर्व उचलून दक्षिणेच्या जागी डकवली आणि दिशेचा शब्द बदलला. सफाई अशी, की कुणाच्या बापाला कळू नये.

सरांनी येऊन ते ऐकलं. त्यांच्या भुवया वर चढल्या.

“पूर्वेला मी एक ठसका गिळला होता. दक्षिणेलाही नेमका तिथंच गिळला?”

“आवाज तुमचाच आहे ना सर? मग कुणाला काय कळतंय!”

“लिहून ठेवायच्या आधी हे सगळं शेकडो वर्षं तोंडीच होतं, बाबा. दर वेळी समोर कुणीतरी बसलेलं असायचं. त्याला कळायचं.” सर माइकसमोर जाऊन बसले. “चल, दक्षिण.”

तो चडफडत बटणाकडे वळला. तेवढ्यात पुन्हा फोन. पुन्हा आई. हात सवयीनं स्पीकरकडे गेला. सर काचेतून बघत होते. का कोण जाणे, त्यानं फोन कानाला लावला.

“हो आई, जेवलो! तू गोळी घे. संध्याकाळी येतो,” तो करवादला.

 पलीकडे आई खुदकन हसली.

“आज तू आहेस होय! रोज तो दुसराच कुणीतरी उचलतो. काहीही विचारा, तेच तेच बोलतो मेला!”